भिकनचं मशिन आणि सीलबंद डबा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. मागाच्या शेडमध्ये सुताची बारीक धूळ जमते ना, तसे ते जमतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा आहेच. माझ्याकडे डिझाइनच्या खोलीतले असे बरेच जमले आहेत. तोंडाने सांगायला गेलो तर ऐकणारे उठून जातात. आमचे लोक म्हणायचे, "दगाजी आबाचं वाक्य सुरू होतं तेव्हा चहा येतो, आणि संपतं तेव्हा कप विसळून झालेले असतात!" म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

आमच्या शेठची शेड सुरतेत, लिंबायतच्या बाजूला. खाली माग, आणि लोखंडी जिना चढून वर डिझाइनची खोली. मी सव्वीस वर्षं खाली जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मागांच्या आवाजाने कान बरेचसे गेले, तेव्हा शेठने मला वरच्या दारापाशी एक स्टूल दिलं. पाणी द्यायचं, चहा सांगायचा, आणि कार्डांचे गठ्ठे खाली पोचवायचे. साडीचा काठ मागावर उतरायला पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागतात, ती कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रावरून पाडत.

भिकन माझ्या हाताखाली जॉबरकी शिकला. अमळनेरकडचा, माझ्याच गावाजवळचा, राहायला नवागामला. पस्तिशीतच त्याची छाती भरून येऊ लागली. जिना चढला की उभं राहून श्वास मोजायचा. डॉक्टरने त्याला एका वाक्यात सांगितलं, "शेड सोडा, नाहीतर छाती सोडा!"

शेठने त्यालाही वर घेतलं. कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाहेरून माणूस यायचा, भिकन त्याला बॅटरी धरून उजेड दाखवायचा. तिसऱ्या वेळी कुठे काय बिघडलंय ते भिकनच दाखवू लागला. चौथ्या वेळी त्या माणसाला बोलवावं लागलं नाही.

मला म्हणाला, "आबा, मागाला शेकडो भाग. याला मोजून दहा. हे तर पाळण्यातलं पोर शे!"

त्याने पुन्हा खाली धुळीत जाऊ नये, एवढंच मला वाटायचं. दुसरं काही मागायचं माझं वयही नव्हतं.

* * *

ही नव्वद सालानंतरची, त्या दशकाच्या अगदी शेवटाकडची गोष्ट. खोलीत पाच कॉम्प्युटर होते, पण त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकावरचं डिझाइन दुसऱ्यावर न्यायचं तर फ्लॉपीत घालून न्यायचं. फ्लॉप्या सगळ्या सारख्या, काळ्या. कुठल्या फ्लॉपीत कुठला काठ, कळायचं नाही.

आम्ही सगळे सुताची माणसं. हंसाबेन म्हणून आमच्या मुख्य डिझाइनर होत्या, गुजराती, पण मराठी आमच्यासारखी बोलायच्या. त्यांनी युक्ती काढली. ज्या रंगाचा काठ, त्या रंगाचा धागा फ्लॉपीला गुंडाळायचा. लाल काठाला लाल, जरीच्या काठाला जर. सगळ्यांना लगेच पटलं. आम्हाला अक्षरापेक्षा धागा लवकर वाचता येतो.

आठवडाभर छान चाललं. मग एका दुपारी हंसाबेनच्या कॉम्प्युटरने फ्लॉपी आत घेतली आणि बाहेर द्यायलाच तयार होईना. भिकनने झाकण उघडलं. चिमट्याने ओढायला लागला. लाल धागा आला, हिरवा आला, मग जर आली ती येतच राहिली.

भिकन म्हणाला, "बेन, थांबा जरा. याने अर्धी साडी विणलीय, पदर बाकी आहे!"

त्या दिवशी शेठ म्हणाला की आता सर्वर पाहिजे. एक मोठं मशिन, सगळी डिझाइनं त्यात, आणि पाचही कॉम्प्युटर त्याला वायरने जोडलेले.

* * *

शेठचे जावई केतनभाई मुंबईहून आले होते. त्यांच्या बॅगेत एक गुळगुळीत कागद होता, त्यावर निळ्या डब्याचं चित्र. तयार सर्वर! पडदा नाही, कीबोर्ड नाही. वायर लावायची, बटण दाबायचं, विसरून जायचं.

भिकन म्हणाला, "शेठ, मी बांधतो. बिघडला तर उघडेन, दुरुस्त करेन. आपल्या हातातला राहील."

केतनभाई म्हणाले, "पप्पा, बिघडणारं घ्यायचं की न बिघडणारं?"

शेठ वाईट माणूस नव्हता. दोघांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "काका, तमे शुं कहो छो, काय म्हणता? तुम्ही सव्वीस वर्षं मशिनं बघितली."

मला सांगायचं होतं की न बिघडणारं मशिन मी एकही पाहिलं नाही. बिघडल्यावर कोण जवळ असतं, एवढाच फरक असतो. वाक्य मी मनात जुळवलं. तोंड उघडलं. म्हणालो, "शेठ..."

फोन वाजला. शेठ फोनवर बोलला, फोन ठेवला, आणि म्हणाला, "चला, ठरलं! दोन्ही लावा. दिवाळीपर्यंत जो न थांबता चालेल, तो राहील."

माझं वाक्य तसंच राहिलं. आज इथे पहिल्यांदा पुरं झालं.

* * *

भिकनने आपलं मशिन चार दिवसांत बांधलं. बाजारातून एकेक भाग हातात घेऊन, वास घेऊन आणला. खालची धूळ जिन्याने वर यायचीच, तेव्हा पंख्याच्या भोकावर त्याने जॉर्जेटचा तुकडा ताणून बांधला. हवा जाते, धूळ अडते. दर शनिवारी तुकडा बदलायचा.

हंसाबेनला आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाकीच्या मुलींना नवीनच खेळ मिळाला. या शनिवारी फुलांचा तुकडा, पुढच्या शनिवारी लहरियाचा.

शेठ एकदा वर आला, बघून थबकला. "अरे, मशिनला साडी नेसवली?"

भिकन म्हणाला, "शेठ, सुरतेत राहतं ते. उघडं कसं बसेल?"

शेठ इतका हसला की मला वाटलं, जिंकलो. हसला म्हणजे ठेवेल असं मला वाटायचं. किती भोळा हिशोब!

* * *

निळा डबा आला. सोबत टाय घातलेला इंजिनिअर आला. डब्याच्या झाकणावर चकचकीत सील चिकटवलेलं. पुढे काचेची एक लहान पट्टी, तीवर आकडा दिसायचा: आज किती दिवस न थांबता चाललोय.

इंजिनिअर म्हणाला, "याला कुणी हात लावायचा नाही. बंद करायचा नाही. सील तुटलं की वॉरंटी संपली."

भिकन डब्याभोवती एक चक्कर मारून आला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आबा, याना मझार काय शे?" मग त्याने इंजिनिअरलाच विचारलं, "साहेब, आत काय आहे?"

"त्याची तुम्हाला गरज नाही."

"गरज नाही हो. पण शेजारी राहायचंय, ओळख तरी?"

मुली हसल्या. इंजिनिअर हसला नाही. भिकनही नंतर हसला नाही.

* * *

मग दसरा आला.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. दसऱ्याला सगळे माग थांबतात. आपोआप नाही. ज्याच्या हातातलं मशिन त्याने स्वतः थांबवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, फूल वाहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नमस्कार करून चालू करायचं. वर्षभर एक मिनिट माग थांबला तर मुकादम ओरडतो, पण दसऱ्याचं थांबणं कुणी थांबण्यात धरत नाही. सव्वीस वर्षांत मी तरी धरलेलं पाहिलं नाही.

भिकनने अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आपलं मशिन नीट बंद केलं. नवं जॉर्जेट लावलं, पिवळं. शेठ वर आला, त्याने स्वतःच्या बोटाने मशिनला कुंकू लावलं. डब्यापुढेही आला. पण सील होतं, बंद करायचा नाही असं सांगितलेलं होतं. एक फूल ठेवलं आणि गेला. सगळ्या कारखान्यात त्या दिवशी तो डबा एकटाच चालू होता. रात्रभर त्याचा दिवा लुकलुकत होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतनभाई काचेच्या पट्टीपाशी उभे. "पप्पा, हे बघा. हा थांबला नाही. भिकनचं थांबलं."

भिकन म्हणाला, "थांबलं नाही, भाऊ. मी थांबवलं."

"एकच झालं."

सगळे शेठकडे बघत होते. शेठ भिकनच्या मशिनकडे बघत होता. त्याने लावलेलं कुंकू अजून तसंच होतं.

"नियम एटले नियम," शेठ म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

* * *

शेठने भिकनला काढलं नाही. उलट त्याला वाटलं, आपण भलं केलं. म्हणाला, "वर आता काम नाही, पण खाली चार माग मोकळे आहेत, ते घे."

भिकन "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? घरी बायको सुमन, दोन मुली.

केतनभाईंना रिकामी जागा बघवत नसे. भिकनचं मशिन उगाच पडून का राहावं, म्हणून ते सुटं केलं. पंखा एका कॉम्प्युटरला, मेमरी दुसऱ्याला. डिझाइनं ठेवलेली डिस्क पुसून टायपिंगच्या कामाला दिली. पाचही कॉम्प्युटरमधली जुनी डिझाइनं पुसली, फ्लॉप्या टाकून दिल्या. मग त्यांची नजर कपाटांवर गेली. जुन्या डिझाइनच्या कार्डांनी चार कपाटं भरलेली होती.

"ही कशाला? आता सगळं डब्यात आहे!"

रद्दीवाला दोन हातगाड्या घेऊन आला. कार्डांचे गठ्ठे मीच जिन्याने खाली उतरवले. सव्वीस वर्षं जे काठ मी मागावर चढवले, ते खांद्यावरून नेऊन गाडीत टाकले. रद्दीवाला मला म्हणाला, "बाबा, जरा जोरात टाका. इतकं हळू ठेवायला ही काय अंडी आहेत?"

* * *

थंडीत एक दिवस मी डबा पुसत होतो. बाहेरून पुसायला परवानगी होती. हाताला काहीतरी वेगळं लागलं.

आम्ही जॉबर लोक बेअरिंग कसं तपासतो? मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनला टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. कान नसले तरी जबड्याला कळतं. मी तसंच केलं. आत काहीतरी घासत होतं. थांबून थांबून, जसं माणूस झोपेत दात खातो.

त्याच वेळी केतनभाई आले. म्हातारा दातात स्क्रूड्रायव्हर धरून डब्याला चिकटलाय! त्यांनी सगळ्यांना हाक मारून दाखवलं.

मी म्हणालो, "भाई, आतलं बेअरिंग जातंय."

"काका, तुम्हाला समोरचा फोन ऐकू येत नाही, आणि डब्याच्या आतलं ऐकू येतं?"

सगळे हसले. मीही हसलो, सवयीने.

जेवणाच्या सुटीत भिकनला वर आणलं. तो आता जिन्यावर दोनदा थांबायचा. त्याने मूठ दातांत धरली, डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "आबा, महिनाही नाही काढणार."

त्याने केतनभाईंना हात जोडून सांगितलं, "भाई, डब्याला हात लावत नाही. निदान सगळ्या डिझाइनची कॉपी दुसरीकडे घेऊ द्या."

केतनभाईंनी इंजिनिअरला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "तो म्हणतो, डबा स्वतःच सांगतो काही झालं तर."

भिकन म्हणाला, "सांगतोच आहे तो. ऐकायला जबडा पाहिजे."

* * *

लग्नसराईच्या तोंडावर डबा गेला. काचेच्या पट्टीवरचा आकडा एका सकाळी नव्हताच. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आत खरडल्यासारखं झालं आणि शांत.

टायवाला इंजिनिअर त्याच दिवशी आला. हे मात्र खरं, त्याच दिवशी आला! बगलेत नवा कोरा निळा डबा.

"काळजी करू नका शेठ, वॉरंटीत आहे. नवा डबा, एकदम फुकट."

शेठने विचारलं, "अने डिझाइनं?"

"ती आमची नव्हती, साहेब."

शेठ खुर्चीवर बसला. हंसाबेन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सहा-सात वर्षांचे काठ, पदर, बुट्टे! खाली मागावर चढलेली कार्डं होती तेवढीच डिझाइनं जगात उरली, अकरा की बारा. लग्नाच्या ऑर्डरी मात्र होत्या त्या हरवलेल्या डिझाइनांच्या.

नव्या डब्याच्या पट्टीवर शून्य आलं. इंजिनिअर म्हणाला, "बघा, चालू झाला!"

* * *

शेवटी युक्ती निघाली ती हंसाबेनच्या डोक्यातून. मागावर साडीत दोष राहिला, एखादा धागा तुटला, की ती साडी सेकंडमध्ये जाते. दिवाळीला कारागिरांना या सेकंडच्या साड्या वाटायची शेठची पद्धत होती. म्हणजे आमची सगळी डिझाइनं लिंबायत आणि नवागामच्या घरांत, ट्रंकांत आणि दोऱ्यांवर वाळत होती. त्या साड्या आणायच्या, टेबलावर पसरायच्या, आणि भिंगाने धागे मोजून पुन्हा काढायच्या.

शेठने शेडमध्ये निरोप दिला. दुसऱ्या दिवशी बायका जिन्यावर रांगेने उभ्या. कुणी पिशवीत आणलेली, कुणी अंगावर तीच नेसून आलेली. हंसाबेन एकेक उलगडून बघत होत्या. "ही आहे. ही पण आहे. अरे, ही तर मी विसरलेच होते!" खोलीत पहिल्यांदाच जरा जीव आला. एक म्हातारी म्हणाली, "नीट मोजा गं, काठाला माझ्या नातवाने दात लावलेत, ते नका मोजू!"

पण एक काठ सापडेना. मोर आणि पानांचा, सगळ्यात जास्त विकला जाणारा. निम्म्या ऑर्डरी त्याच्याच. शेठ सारखा विचारी, "मोरवाली आली का? मोरवाली?"

संध्याकाळी रांग संपली तेव्हा सुमन आली, भिकनची बायको. वर ती कधी आली नव्हती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी. टेबलावर ठेवून तिने कागद उघडला. मोरवाली! एकदाही न नेसलेली, घडीवर घडी अगदी कोरी. दोष म्हणजे पदराजवळ एकच धागा तुटलेला.

हंसाबेनचे डोळे भरले. "सुमन, नेसली नाहीस कधी?"

"मोठीच्या लग्नाला ठेवली होती, बेन."

शेठ पटकन पुढे झाला. "दोन दिवस लागतील बेटा. धागे मोजायला थोडी उसवावी पण लागेल. तुला दुसरी देतो, फर्स्टची देतो. दोन देतो!"

खाली माग चालू होते. त्या आवाजात भिकनचा खोकला मला ऐकू येत नाही, पण तिला येत असावा, कारण तिने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग ती शेठकडे वळली.

"दुसरी नको, शेठ. ही मी इथे ठेवते. तुम्ही त्यांना वर ठेवा."

केतनभाई म्हणाले, "अगं पण वर आता..." आणि तिथेच थांबले. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

शेठने साडीचं एक टोक हातात घेतलं. दुसरं टोक सुमनच्या मुठीत होतं, आणि तिने मूठ उघडलेली नव्हती.